फटफटीचं कपाळ

दसऱ्याच्या सकाळी ओव्हरसिअर विनायकराव टिल्लू यांच्या अंगणात एक अवघड प्रश्न उभा राहिला. फटफटीचं कपाळ कुठलं?

जव्हार संस्थानातल्या रस्त्यांवर देखरेख करणाऱ्या विनायकरावांनी ही फटफटी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. घेतली तेव्हाच ती वयस्कर होती, पण विनायकराव तिच्याबद्दल नव्या सुनेबद्दल बोलावं तसे बोलत. तिला जागा हवी म्हणून त्यांनी तांबडी नावाची आपली घोडी खोडाळ्याच्या भिकाशेट भातवाल्याला देऊन टाकली. तांबडीचा मोतद्दार माघ्या तेवढा मागे राहिला. नऊ वर्षं घोडीला खरारा केलेल्या हातांनी तो आता फटफटी पुसायचा, आणि बरेचदा ढकलायचा.

"दिवा म्हणजेच कपाळ," शेंदराची वाटी घेऊन उभ्या असलेल्या अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. नवरा घाटातून या यंत्रावर बसून फिरतो, त्यामुळे दसऱ्याची पूजा साग्रसंगीत झाली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता.

"बाय, तो डोला हाय तिचा," माघ्या म्हणाला. तो देवालाही 'तू' म्हणायचा आणि ओव्हरसिअरलाही, मग बाईंची काय कथा. "डोल्यात शेंदूर घालतं का कोन?"

"मग कपाळ कुठंय?"

माघ्यानं फटफटीला एक प्रदक्षिणा घातली आणि तेलाच्या टाकीवरच्या पितळी झाकणावर बोट ठेवलं. ते गोल होतं, चकचकीत होतं आणि सगळ्यांच्या वर मधोमध होतं. बाईंना पटलं. तेलात कालवलेला शेंदूर त्यांनी झाकणावर चांगला बोटभर थापला, झेंडूची माळ घातली आणि नारळ फोडला. इथपर्यंत कुणाच्याही मनात पाप नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विनायकराव साखरशेतच्या मोरीचं काम बघायला निघाले. मागे माघ्या बसला होता. दोन-अडीच मैल गाडी झकास गेली आणि मग तिला काहीतरी झालं. विनायकरावांचा हात जागचा हलला नव्हता, तरी ती एकदम उसळी घेई, मग मरगळे, पुन्हा उसळे. मोरीवरची माणसं बघत असताना तिनं शेवटचा आचका दिला आणि ती बंद पडली.

"तेल संपलं की काय?" म्हणत विनायकरावांनी झाकण फिरवलं. फुस्स असा मोठा सुस्कारा आला. टाकी अर्धी भरलेली होती. त्यांनी झाकण लावलं, लाथ मारली, आणि गाडी सुरू झाली. परतताना पुन्हा दोन मैल झकास, पुन्हा तेच.

विनायकराव शिकलेले गृहस्थ होते. त्यांच्यापाशी इंग्रजी पुस्तक होतं. पहिल्या दिवशी त्यांनी प्लग साफ केला, आणि जाता जाता झाकण उघडून तेल पाहिलं. गाडी दोन मैल सुरेख गेली. "सापडलं," ते म्हणाले. मग ती उसळायला लागली. तिसऱ्या दिवशी त्यांनी कार्ब्युरेटर सोडवून न्हाणीघरात धुतला, चौथ्या दिवशी सगळं तेल धोतरातून गाळलं. दर वेळी झाकण उघडलं जाई, दर वेळी दोन मैल गाडी शहाण्यासारखी चाले, आणि दर वेळी विनायकरावांना रोग सापडल्याचा आनंद होई. आठवड्याभरात त्यांना पाच रोग सापडले. धोतरं दोन गेली.

एकदा वाटेत अशीच गाडी बंद पडली असताना त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. माघ्यानं आपला पाण्याचा तुंबा उपडा धरला. तुंब्याच्या बुडाशी त्यानं काट्यानं एक बारीक भोक पाडलेलं होतं. त्यावर त्याचं बोट होतं, त्यामुळे पाणी गुट गुट करत अडखळत पडलं. बोट काढलं, तशी सरळ धार लागली. माघ्यानं पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा काढलं. मग तो फटफटीच्या शेंदरी कपाळाकडे टक लावून बघत बसला.

"माघ्या, खेळ कसले करतोस? पाणी घाल."

"घालतां, रावसाहेब," माघ्या म्हणाला, आणि त्यानं बोट काढून सरळ धार सोडली. त्या सकाळीच त्याला बाजारकऱ्यांकडून कळलं होतं, की तांबडी भिकाशेटला दोनदा चावली आणि दिवाळी झाली की तो तिला नाशकात टांग्याला देणार आहे. टांग्याची घोडी किती वर्षं टिकते हे माघ्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी माघ्यानं बाईंपाशी गोष्ट काढली. "बाय, फटफटीला वारं येतंय. अंगात आल्यावानी उसळते, बघितलंस ना? जिव्या भगताला आनूं."

विनायकरावांनी आधी पुस्तक दाखवलं, मग आवाज चढवला आणि शेवटी ते, मागच्या अंगणात आणि कुणाला न सांगता, या अटीवर कबूल झाले. जिव्या भगत आला. त्यानं सुपात तांदळाचे दाणे टाकले, निवडले, पुन्हा टाकले, मग उठून गाडीला कान लावला.

"वारं हाय," तो म्हणाला.

"अंगात शिरलंय ना?" बाईंनी विचारलं.

"शिरलं नाय. शिराया बघतंय. त्याला वाट नाय, म्हनून ही तडफडते. वाट दे तिला."

"ऐका," विनायकराव कपाळाला हात लावून म्हणाले. "यंत्राला वारं पाहिजे म्हणे!"

"वाट द्यायची म्हणजे करायचं तरी काय?" बाई म्हणाल्या.

जिव्यानं तोंड उघडलं, पण माघ्या घाईनं मध्ये पडला. "शेंदूर लाव, बाय. दर मंगलवारी आन् शनवारी. कपालाला. जाड." जिव्यानं माघ्याकडे पाहिलं, माघ्यानं जिव्याकडे. मग जिव्यानं दक्षिणेची कोंबडी काखेत मारली आणि तो निघून गेला.

बाईंनी एकही वार चुकवला नाही. झाकण आता झाकण दिसतच नव्हतं, शेंदराचा गोळा दिसत होता. गाडी पूर्वी दोन मैल जायची ती आता एक मैल जाऊ लागली. बाई म्हणाल्या, देव परीक्षा बघतोय. माघ्या मान डोलावून म्हणाला, "बघतोय."

दिवाळी दोन दिवसांवर आली असताना विनायकराव खोडाळ्याला निघाले. निघाले फटफटीवर आणि पोचले फटफटीच्या मागून. भरल्या बाजारात साहेबी टोपी घातलेला ओव्हरसिअर आणि त्याचा मोतद्दार गाडी ढकलत आले, तेव्हा नागलीचं माप टाकणाऱ्या बायांचे हात थांबले. दुकानासमोर बांधलेल्या तांबडीनं माघ्याला पाहिलं आणि सगळ्या बाजारात ऐकू जाईल अशी खिंकाळली. विनायकरावांना भरून आलं. रिकामा तबेला त्यांनाही खात होता, पण हे कबूल कुणापाशी करणार?

भिकाशेट फटफटीभोवती फिरला. त्यानं भोंगा वाजवून पाहिला, परत वाजवला, आणि त्याचा चेहरा खुलला.

"रावसाहेब, घोडी घ्या, ही मला द्या."

"ती चालत नाही, शेट," विनायकराव म्हणाले. सरळ माणूस.

"उभी राहते ना? दुकानापुढं उभी केली तरी गिऱ्हाईक जमेल. तुमची घोडी तर मला उभंसुद्धा राहू देत नाही."

सौदा झाला. "परक्या घरी चालली, जरा पुसून देतां," म्हणत माघ्यानं कुडत्याच्या टोकानं शेंदूर खरवडून काढला आणि पाठ फिरवून झाकणाशी काहीतरी खाटखूट केली. मग तो गुपचूप जाऊन तांबडीच्या मानेला बिलगला.

भिकाशेटचा पुतण्या मुंबईला मोटारीवर क्लीनर होता. त्यानं लाथ मारली. फटफटी सुरू झाली, बाजाराला फेरी मारून चढावर दिसेनाशी झाली. विनायकराव ती कधी उसळते याची वाट बघत उभे राहिले. एक विडी ओढून संपेल एवढा वेळ गेला. वळणावरून ती परत आली. तिचा आवाज जात्याच्या घरघरीसारखा एकसारखा होता, आणि पुतण्या एका हातानं भोंगा वाजवत होता.

"माघ्या," विनायकराव हळूच म्हणाले, "हे कसं झालं?"

"वाट मिलाली असंल वाऱ्याला."

विनायकरावांची नजर माघ्याच्या हाताकडे गेली. बोटं लालभडक होती, आणि चिमटीत बोरीचा एक काटा होता. त्याचंही टोक लाल होतं. विनायकराव काट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुढ्यात येऊन थांबलेल्या फटफटीच्या झाकणाकडे बघितलं. त्यावर मोहरी जाईल एवढं भोक उघडं पडलं होतं. माघ्याचा तुंबा त्यांना आठवला, जिव्याचे शब्द एकेक करून आठवले, आणि दोन धोतरंही आठवली. ते रागावणारच होते, पण तेवढ्यात तांबडीनं त्यांच्या खांद्यावर तोंड ठेवलं आणि ऊन श्वास सोडला. त्यांनी तिच्या नाकावरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि रिकिबीत पाय ठेवला.

"घरी बाईंना काही बोलायचं नाही," वर बसल्यावर ते म्हणाले. "आणि हिच्या कपाळाला शेंदूर लावायला सांगायचं नाही. समजलं?"

"लावूं दे की, रावसाहेब," लगाम धरत माघ्या म्हणाला. "हिला वारं नाकातनं जातं."