घरधनी आणि पाहुणं

वीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवतोय. बादली बदलली तरी माझ्या हातचा रंग केसभर हलत नाही. त्यामुळे आमच्या घरची बाहेरची खोली रंगवता रंगवता लेकीला बीजगणित शिकवून टाकतो, असं मी त्या सकाळी जाहीर केलं, तेव्हा मला त्यात काहीच अवघड वाटलं नाही.

लेकीचं लाडाचं नाव टिकली. दुसऱ्या दिवशी तिची चाचणी होती. मागच्या चाचणीचा पेपर तिने गादीखाली लपवला होता, आणि याही वेळी तसंच झालं तर गणिताचं पुस्तक पुन्हा उघडणार नाही, असं आईला सांगून ती मोकळी झाली होती.

"सहगुणक कुठला नि चल कुठला, तेच कळत नाही, बाबा."

"एवढंच ना? हे बघ. एका बादली पांढऱ्यात तीन कप निळा. बादल्या किती? भिंत मागेल तेवढ्या. म्हणून बादल्यांना म्हणायचं x. एकूण निळा ३x कप. तीन हा सहगुणक, तो ठरलेला. x हा चल, तो बदलता."

आणि लक्षात राहावं म्हणून चालीवर म्हणून दाखवलं,

"पुढं बसला घरधनी, जागचा हलेना,
मागं आलं पाहुणं, एका जागी ठरेना."

टिकली हसली. ती हसली की मला चेव येतो.

"आता तू x ची किंमत मोठ्याने सांग. मी रंग कालवतो."

"x बरोबर एक. निळा तीन."

"शाब्बास!" मी पहिली बादली ढवळली.

"x बरोबर दोन. निळा सहा."

असं करत चार बादल्या झाल्या, भिंतही झाली. पण ओला रंग थापा मारतो, वाळला की खरं बोलतो. जेवून उठलो तर तिची आई भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी.

"अहो, ही एक भिंत आहे की चार?"

खिडकीशी दुधाचा हात फिरवल्यासारखा पट्टा, आणि दारापाशी पोचेपर्यंत आभाळ भरून आलेलं.

"ओलसर असेल अजून," मी म्हणालो. भिंत खडखडीत होती.

टिकलीने पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "बाबा, पहिल्या बादलीत किती कप घातलेस?"

"तू x सांगितलास तेवढाच. पहिलीत एक, मग दोन, तीन, चार."

"मी बादल्या मोजत होते! कप प्रत्येकीत तीनच. म्हणजे तिसरीच काय ती बरोबर. बाकी सगळीकडे तू सहगुणकच हलवलास."

"घरधनीच पाहुण्यामागे चालता झाला," तिची आई म्हणाली.

टिकली मात्र भिंतीकडे अशी पाहत होती, जणू कुणी तिच्यासाठी खिडकी उघडली.

आठवड्याने पेपर मिळाला. गादीखाली नाही, माझ्या हातात. प्रश्न होता, '३x मध्ये न बदलणारी संख्या कोणती?' तिने लिहिलं होतं, 'तीन. पण रंग बाबा कालवत असतील तर सांगता येत नाही.'

पूर्ण गुण. खाली लाल शाईत, 'वडिलांनी भेटावे.'

अजून गेलेलो नाही. आधी भिंत एकसारखी करतोय. कप टिकली मोजते. मला फक्त ढवळायला ठेवलंय.