पुढच्या चाकाचं दूध

दर सोमवारी भानुदासकाकांच्या घरात पहिलं दूध सायकलीच्या पुढच्या चाकाला जायचं. चहा नंतर.

खोटं वाटत असेल तर केजला आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. काकांची जुनी रेसर सायकल, तिचं पुढचं चाक हळूहळू गळायचं. ट्यूब पाण्यात बुडवली तर बुडबुडा नाही आणि सकाळी बघावं तर चाक बसलेलं. मग काका हवा भरायचा वॉल काढायचे आणि जनावरांच्या डॉक्टरकडून आणलेल्या सिरिंजनं आत शेळीचं दूध सोडायचे. ते आत नासतं आणि भोकात जाऊन बसतं, हे त्यांचं शास्त्र.

"म्हशीचं का नाही?" मी एकदा विचारलं.

"जड पडतंय बे. रेसचं चाक हाय, उसाची गाडी न्हाई."

हवा सोडली की गल्ली नाक धरायची. शेजारचं मांजर मात्र त्या चाकामागं भक्तिभावानं हिंडायचं. काकू होत्या तेव्हा म्हणायच्या, "नातवाला पावडरीचं आन् चाकाला शेळीचं." दुधानं जमलं नाही तर बाभळीचा डिंक, नाहीतर साबणाचा फेस. काका मात्र निवांत. "घाई कावून? हळू गळतंय, हळूच धरंल."

तोवर रोज सकाळी सातला सायकल आमच्या दारात, कारण पंप आमचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि काका तरुणपणी जत्रेतल्या सायकल शर्यतीत जोडीनं उतरायचे. अण्णांनी पंप मारायचा, काकांनी नळीचं तोंड धरायचं, मग चहा. अण्णा गेले आणि पंप माझ्या गळ्यात पडला. ऐन ड्यूटीच्या घाईत हे लचांड. मला लई वैताग यायचा.

शेवटी मी लातूरहून नवं टायर-ट्यूब आणून बसवलं. काकांनी चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"आता गळायचं न्हाई म्हन," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सातला कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मीच उगाच दारात जाऊन उभा राहिलो.

पाचव्या दिवशी काका आले. चाक पार बसलेलं. "नवंबी गळतंय बघ," माझ्याकडं न बघता म्हणाले. मी वाकलो. वॉलचा नट सैल होता, आणि काकांची दोन बोटं काळी झालेली.

मी नट आवळला, पंप मारला. काकांनी नळी धरली, अण्णांच्या वेळी धरायचे तशीच.

मग ते आत चहा पीत बसले, तेवढ्यात मी बाहेर येऊन नट अर्धा आटा सैल करून ठेवला.