माल मधात, हवा भवती

आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की त्याला एक गोष्ट आधी सांगावी लागते. बिसेनकाकांच्या गच्चीखालून जाताना वर बघायचं. गल्लीतून परदेशी जाणारं प्रत्येक पार्सल काका हौसेनं पॅक करतात आणि पॅक झालं की गच्चीवरून खाली टाकतात. मग खाली येऊन खोकं उघडतात, आतली वस्तू धड आहे ना ते बघतात आणि पुन्हा तस्संच बांधून मालकाच्या हवाली करतात.

माझ्या बहिणीला दुबईला कपबश्या पाठवायच्या होत्या, तेव्हा मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. माझा जीव टांगणीला लागला.

"काका, अहो टाकता काय?"

"मंग का करू? राइस मिलमध्ये जिंदगी गेली माही. पोती उतरताना रोज पाहली. ठेवणारा माणूस जगात नाई बाई, टाकणाराच हाय. तं पयले आपणच टाकून पाहावं."

कपबश्यांना ओरखडासुद्धा नव्हता. तेव्हापासून मी काकांची भक्त आहे.

"माल मधात, हवा भवती" हा त्यांचा मंत्र. वस्तू मधोमध लहान खोक्यात, ते खोकं मोठ्या खोक्यात आणि दोघांच्या मधे काहीतरी हलकं. शेजारच्या एकानं काचेच्या फुलदाणीसाठी लाकडी पेटी आणली, तर काका म्हणाले, "फुलदाणी पाठवून राहिला का आलमारी?" फार मोठं खोकंही त्यांना खपत नाही. कुरिअरवाले खोक्याचा आकारही मोजतात, म्हणून "थे हवेचंबी वजन करते" असं पुटपुटत काका सुरीनं खोकं कापून बेतशीर करतात.

सफरचंदांना घालतात ना, त्या पांढऱ्या फोमच्या जाळ्या, त्यांच्यावर काकांचा फार जीव. त्यासाठी ते फळांच्या गाड्यांभोवती घुटमळत असतात. एकदा गाडीवाला वैतागून म्हणाला, "काकाजी, कभी सेब भी ले लिया करो." काका शांतपणे म्हणाले, "सेब तू रख. उसके कपड़े दे दे."

सुरुवात मात्र इतकी शहाणपणाची नव्हती. त्यांची एकुलती एक पल्लवी लग्न होऊन कॅनडाला गेली. तिला पहिलं पार्सल पाठवलं ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीचं, आणि बरणीभोवती भरली गावाकडच्या, दवनीवाड्याच्या शेतातली धानाची तनस, म्हणजे भाताचा पेंढा. आपल्याकडे अंडी काय, काच काय, सगळं तनशीतच सुखरूप जातं. पण वाळलं गवत त्या देशात चालत नाही. तिथल्या कस्टमवाल्यांनी बरणीसकट पार्सल नष्ट केलं. "आमच्या तनशीले का रोग झाला?" म्हणून काका महिनाभर धुमसत होते. पुढच्या खेपेला त्यांनी मुरमुरे आणले. मुरमुरेही खाण्याची वस्तू, तेही अडकतील, असं मी म्हटलं. मग त्या मुरमुऱ्यांचा चिवडा झाला आणि काकांनी तो रागारागानं एकट्यानं संपवला.

गेल्या वर्षी काकी गेल्या. यंदा पल्लवीला सातवा महिना लागला. ओटीला हिरव्या बांगड्या माहेरून जायला हव्यात आणि हे काम आईचं. मी आणते म्हटलं, तर काकांनी ऐकलं नाही. पल्लवीची जुनी बांगडी मापाला घेऊन ते बायकांच्या गर्दीत दुकानात उभे राहिले आणि काचेच्या हिरव्या बांगड्या घेऊन आले. कागदाच्या नळीवर त्या ओवल्या, वर फोमच्या जाळ्या चढवल्या, खोक्यात खोकं बसवलं. इतकं देखणं पार्सल मी पाहिलं नव्हतं. मग सवयीनं ते गच्चीवर गेले. मी खाली उभी. काकांनी खोकं कठड्याबाहेर धरलं, बराच वेळ धरलं आणि पोटाशी घेऊन जिना उतरून आले.

"नाई टाकत. पोरगी पोटुशी हाय. एखादी बांगडी वाढली तं?"

'फुटली' हा शब्द काका तोंडातून काढणं शक्यच नव्हतं.

"पण टाकून पाहिलं असतं तर कळलं तरी असतं, काका."

"थेच तं. कळाले नाई पायजे."

पार्सल तसंच गेलं. काकांनी दुसऱ्यांची पार्सलं घेणं बंद केलं. रोज सकाळी माझ्याकडे येऊन "कुठं पोचलं, पाह्य बरं" एवढंच म्हणायचे. चहा दिला तर अर्धाच घ्यायचे. मलाही त्या दिवसांत घरातली भांडी आपटायची भीती वाटायची.

ओटीच्या दिवशी पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी मला हाक मारून बोलावलं. हिरवी साडी, मागे मैत्रिणींची लगबग. पल्लवीनं दोन्ही हात वर केले. "बाबा, एकही वाढली नाही. सगळ्या आल्या."

मी टाळ्या वाजवल्या. काकांनी मात्र फोन उचलला आणि कानाला लावला.

"बाबा, व्हिडिओ आहे ना. मले तुमचा कानच दिसून राहिला."

"दिसू दे. हात हालव."

तिनं हात हलवले.

"आणखी."

काका डोळे मिटून ऐकत होते. काकी गेल्यापासून त्या घरात बांगड्यांचा आवाज झालाच नव्हता. भिंतीला भिंत लावून राहते मी, पण हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिकडे ओटी भरायला पल्लवीला कुणीतरी हाक मारली. "थांबा थोडं," ती म्हणाली आणि हात हलवत राहिली.