लहूचं एक वाक्य

माझा धाकटा दीर लहू कोणाकडे पाठ करायचा नाही. जेवायला बसला तर भिंतीला टेकून, सगळ्यांकडे तोंड करून बसायचा. घरातून निघाला तर उलटा चालत निघायचा. असाच एकदा निघाला आणि कोंबडीच्या डालग्यावर बसला. उबवायला ठेवलेली सगळी अंडी गेली. गावातले लोक म्हणायचे, पोरगा वेडा झाला. वेडा नव्हता. त्याची पाठ सिनेमात गेली होती, आणि ते त्याला फार लागलं होतं.

आमचं गाव डोळखांबच्या पुढे, डोंगराला लागून. भात, नाचणी, आणि दिवाळी झाली की गवत. त्या काळी मुंबईच्या तबेल्यांना आमच्याकडचं गवत जायचं. गाठी बांधून मोटारीत भरायच्या आणि उतरवायला एक माणूस वर बसून जायचा. तो लहू. एकदा गाठी सिनेमाच्या स्टुडिओत उतरवायच्या होत्या, तिथल्या घोड्यांसाठी. उतरवून झाल्या तेव्हा कोणी तरी म्हणालं, राजाच्या दरबारापुढे माणसं कमी पडतात, तूपण उभा राहा. लहू उभा राहिला. तिथून जो बिघडला तो बिघडलाच.

तो सिनेमा शहापूरला तंबूत लागला तेव्हा आम्ही सगळे बैलगाडीनं गेलो. राजा बोलत होता आणि खाली रयत उभी होती. लहू उठून ओरडला, "ती पाठ माझी." शेजारचा माणूस म्हणाला, कशावरून? पण मी ओळखली. पांढऱ्या बंडीला काळ्या दोऱ्यानं ठिगळ मीच लावलं होतं, घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून. माझी शिवण सिनेमात गेली, त्याचं तोंड गेलं नाही. हे मी त्याला तिथंच बोलून दाखवलं. बोलायला नको होतं असं मला अजून वाटत नाही.

सासू आमच्याबरोबर होती. तिचे डोळे दोन वर्षांपूर्वीच गेले होते. मोतीबिंदू पिकला, कोणी तरी झाडपाल्याचा रस घातला, आणि होतं तेवढंही दिसायचं बंद झालं. तरी ती गाडीत चढून आली होती. परत येताना लहू तोंड पाडून बसला, तेव्हा ती म्हणाली, "मला पाठ काय न् तोंड काय. तू बोल कायतरी. बोललास तर समजंल मला, माझा लहू हाय."

"बोलाया देत नाय आये," लहू म्हणाला. "गर्दीत उभं ऱ्हायचं असतं."

"मंग पुढच्या टायमाला बोल."

झालं. त्यानंतर लहू मुंबईहून आला की म्हातारी दुसरं काही विचारायची नाही. जेवलास का नाही, गवताचं काय झालं नाही. ओटीवरून पहिला प्रश्न, "बोललास?" आणि लहूचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या टायमाला." पाच-सहा वर्षं हे चाललं. तेवढ्यात तो आणखी काही सिनेमांत गेला. एकात त्याचा हात होता, मशाल धरलेला. एकात नुसतं पागोटं. एकात तो मेलेला होता आणि वर चादर होती. ती चादर त्यानं आम्हाला बोटानं दाखवली.

या नादात त्याला स्टुडिओत उभं राहताना विचारायचं एक वाक्य चिकटलं, "तोंड कुठं करू?" कुठेही गेला तरी हेच. बांधावरून माझ्या नवऱ्याची भाऊबंदांशी जुंपली, हमरीतुमरी झाली, तर हा मधे उभा राहून विचारतो, दादा, तोंड कुठं करू? माझ्या नवऱ्यानं सांगितलं कुठं करायचं ते. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्याला मुरबाडकडची एक मुलगी सांगून आली होती. मुलीचा बाप आणि मामा बघायला आले. लहू दाराशी बसला, एका गालावर ऊन पडेल असा, मान वाकडी करून. उजेड डावीकडून चांगला पडतो असं त्याला कोणी स्टुडिओत सांगितलं होतं. मामानं मला हळूच विचारलं, मान जन्मापासून अशी आहे का? मी म्हटलं, नाही, सिनेमापासून. ते चहा पिऊन गेले ते परत आले नाहीत. पुढे कोणी आलंच नाही. लहूनं ते मनाला लावून घेतलं का, मला माहीत नाही. त्यानं विचारू दिलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे लाकडी मुखवटे घालून माणसं संबळावर नाचतात. कोणतं सोंग कोणत्या घरानं नाचवायचं हे ठरलेलं असतं. आमच्या घराकडे वेताळ. सासरा गेल्यावर तो लहूकडे आला, आणि लहू नाचायचा तेव्हा बायका पोरांना पदराखाली घ्यायच्या. खोटं कशाला बोलू, मलाही भीती वाटायची. पण सोंगाचा एक नियम आहे. ते तोंडावर चढलं की आतल्या माणसानं बोलायचं नाही. तहान लागली तरी हातानं खूण करायची. आत देव असतो, आणि देवाचं तोंड माणसानं उघडायचं नाही. सासऱ्यानं हे लहूला लहानपणी चिंचेच्या फोकानं शिकवलं होतं. जे फोकानं शिकवलं जातं ते जात नाही.

तर एका वर्षी लहू मुंबईहून आला तो चालत नाही, पळतच आला. ओटीवर म्हातारीनं विचारायच्या आत त्यानं सांगितलं, वाक्य मिळालं. सिनेमातल्या बैलगाडीचे बैल कोणाला आवरत नव्हते, यानं ते नुसत्या आवाजानं उभे केले. डायरेक्टर म्हणाला, हाच गाडीवान घ्या. आठवड्यानं परत मुंबईला जायचं होतं. वाक्य असं: "मालक, नदीला पाणी आलंय. आज गाडी जायची नाय."

तो आठवडा गावानं कसा काढला ते गावालाच ठाऊक. लहू ते वाक्य म्हशीला बोलला, विहिरीत बोलला, चुलीपुढे मला बोलला. माझी भाकरी करपली. म्हातारी ओटीवरून सांगायची, अजून मोठ्यानं, मालक लांब हाय. एक दिवस तो वाटेवर उभा राहून बोलत होता, तेव्हा मुरबाडचा मीठवाला गाडी घेऊन आला. लहूनं त्याच्याकडे तोंड केलं आणि असं काही बोलला की मीठवाल्यानं गाडी वळवली आणि परत गेला. चैत्राचा महिना होता. नदीत पोरं विटीदांडू खेळत होती. मीठवाला दुसऱ्या दिवशी आला आणि आमच्या दारात उभा राहून त्यानं आमच्या सात पिढ्या काढल्या. लहू हात जोडून ऐकत होता, आणि त्याचा चेहरा असा फुलला होता की मीठवाला शेवटी दमून पाणी प्यायला बसला.

पुढचं मला गवताच्या मोटारीचा ड्रायव्हर बाबू यानं सांगितलं. तो त्या दिवशी स्टुडिओत होता. लहू हसत बोलत गेला. मग मेकअपवाल्यानं त्याच्या तोंडाला रंग लावला, मिशी चिकटवली, पागोटं बांधलं. त्या घडीपासून लहू गप्प. बाबूनं विचारलं चहा घेतोस का, तर यानं हातानं खूण केली. दिवे लागले, बैल उभे राहिले, डायरेक्टर म्हणाला बोल. लहूचे ओठ हलले. आवाज नाही. परत म्हणाले बोल. परत ओठ हलले. बाबू म्हणाला, त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आतून काही येईना. डायरेक्टर चिडला. त्याचा हाताखालचा माणूस म्हणाला, तोंड चांगलं दिसतंय, ओठ हलतायत, आवाज मागाहून कोणाचा तरी घालू.

मग लहू नळावर गेला, त्यानं रंग धुतला, मिशी काढली, आणि तिथं नळापुढे अख्खं वाक्य खणखणीत बोलला. ऐकायला बाबू होता आणि भांडी घासणारी एक बाई.

घरी आला तेव्हा म्हातारीनं विचारलं, "बोललास?"

लहू म्हणाला, "झालं काम."

म्हातारीनं ते बोलला असंच घेतलं. तिनं पाड्यापाड्यांतून सांगितलं. ओटीवरून वाटेनं जाणाऱ्या माणसाला हाक मारून सांगायची, आमचा लहू बोलतो आता. लोक विचारायला यायचे, सिनेमा कधी? बाबूकडून मला सगळं कळलं तेव्हा मी लहूला गोठ्यात गाठलं. म्हटलं, म्हातारीला खरं सांग, नाहीतर सिनेमाला जाऊन तिचं हसं होईल. तो शेण भरत होता. भरता भरता थांबला आणि म्हणाला, "सांगतो वयनी. पण सांगताना तोंड कुठं करू?"

मी शेणाची पाटी त्याच्या डोक्यावर उचलून दिली.

त्यानं सांगितलं नाही. सिनेमा शहापूरला आला, तो बाजारामागच्या माळावर, तंबूतच. म्हातारी पहिल्या खेळाला निघाली. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि कानांवरून पदर मागे घेतला, ऐकू नीट यावं म्हणून. आम्ही जमिनीवर बसलो, मधे म्हातारी, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला लहू. गावातली दहा-वीस माणसं मागे होती. भोंगा वर बांबूला बांधलेला होता, पडद्याच्या बाजूला. म्हातारी अर्धा सिनेमा त्याच्याकडे कान करून होती. कोणी बोललं की मला विचारायची, हा का? मी म्हणायची, नाही.

मग पडद्यावर बैल आले आणि लहूचं तोंड आलं. एवढं मोठं, समोरून. मला मेलीला त्याच्या कपाळावरचा पोरपणीचा व्रणसुद्धा दिसला. मागे गावातली माणसं ओरडली, लहू, लहू. त्याचे ओठ हलले, आणि भोंग्यातून कोणा शहरातल्या माणसाचा गुळगुळीत आवाज आला. मालक, नदीला पाणी आलंय. आज गाडी जायची नाही.

लगेच पडद्यावर दुसरंच सुरू झालं. कोणी बाई झोपाळ्यावर बसून गाणं म्हणायला लागली. म्हातारी अजून पुढे वाकून बसलेली.

"त्याचं नाव घेतात गो सगळे," ती म्हणाली. "अजून बोलला कसा नाय?"

मी खोटं बोलत नाही. तेव्हाही बोलणार नव्हते. खरं सांगायला तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात लहू बोलला. बसल्या जागेवरून, छाती भरून, मीठवाल्याला बोलला होता तसाच. "मालक, नदीला पाणी आलंय. आज गाडी जायची नाय."

तंबूत ती गाणारी बाई ऐकू येईनाशी झाली. पुढून कोणी शिवी दिली. कोणी म्हणालं, गप रे, बाहेर काढा त्याला. मागे आमच्या गावचे मात्र एकदम गप्प झाले. लहू समोर बघत बसला होता. त्याचा हात म्हातारीच्या गुडघ्याला लागलेला होता.

म्हातारी मागे सरकून नीट बसली. पदर परत कानांवरून घेतला. मग मला हळूच म्हणाली, "भोंग्यातनं आवाज किती जवळून येतो गो."

मी म्हटलं, येतो.