पाठमोऱ्या नावाड्याची वाकडी चौकट

"माझ्या नजरेतून जी गोष्ट सुटते, ती मुळात घडलेलीच नसते," असे भावोजी आरशासमोर उभे राहून म्हणाले, तेव्हा त्यांच्या शर्टाचे पहिले बटण दुसऱ्या काजात अडकलेले होते आणि शर्टाची एक बाजू दुसरीपेक्षा चांगली चार बोटे खाली लोंबत होती. मामांनी ते पाहिले. सहायकाने काय पाहावे आणि पाहिलेल्यापैकी काय सांगू नये, याचे नियम भावोजींनी पूर्वीच घालून दिले होते.

भावोजींनी तंत्रनिकेतनात रेखाचित्रे शिकवण्यात हयात घालवली होती. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'काटकोन' म्हणत. भावोजी ती पदवी समजत. निवृत्तीनंतर त्यांनी अन्वेषक म्हणून कार्डे छापून घेतली. त्यांवर 'पुरावे आधी, निष्कर्ष सवडीने' असे ब्रीद हवे होते. छापखान्याने ते 'निष्कर्ष आधी, पुरावे सवडीने' असे छापले. मामांनी चूक दाखवली, तेव्हा भावोजींनी कार्ड दूर धरून वाचले, जवळ धरून वाचले आणि म्हणाले, "असू दे. अनुभवाला धरून आहे."

मामा म्हणजे भावोजींच्या बायकोचे धाकटे भाऊ. लग्न केले नाही, नोकरी टेलिफोन केंद्रात. आयुष्यभर परक्यांची बोलणी कानात घेतली आणि निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला आल्यावर घरची घेऊ लागले. "मामा, जरा ऐक," हे वाक्य त्या घरात दाराच्या घंटेपेक्षा अधिक वेळा वाजत असे.

म्हणूनच मामा रोज वाचनालयात जात. वाचण्यासाठी नव्हे. वाचनकक्षातल्या लांब टेबलाच्या टोकाला, भिंतीवर, एक चित्र होते: निळाकरडा समुद्र, त्यात एक होडी, होडीत पाठमोरा बसलेला नावाडी आणि फार दूर, किनाऱ्यावर, उजेड असलेली एकच खिडकी. चित्रकाराची सही कोपऱ्यात होती, पण ती कोणाला लागत नसे. मामा समोरच्या खुर्चीत बसून त्या पाठीकडे पाहत राहत. इतक्या वर्षांत त्या माणसाने एकदाही वळून "मामा, जरा ऐक" म्हटले नव्हते.

आता ते चित्र जाणार होते.

झाले असे, की चित्र रोज वाकडे होऊ लागले. दिवसातून दोनदा हलल्याने खिळा सैल झाला, खिळ्याभोवतीचा गिलावा सुटू लागला आणि परवा त्यातला एक बरासा तुकडा थेट वाचनालयाच्या अध्यक्षांच्या चहात पडला. अध्यक्ष पाणीपुरवठा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांनी चहा ओतून दिला आणि जाहीर केले, की रविवारच्या सभेपर्यंत चित्र हलवणारा सापडला नाही, तर चित्र अडगळीच्या खोलीत जाईल.

त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी आयुष्यात प्रथमच स्वतःहून भावोजींना गळ घातली. "भावोजी, हे प्रकरण तुम्ही घ्याच."

भावोजींचा घास हातातच राहिला. आजवर त्यांच्याकडे प्रकरण घेऊन कोणी आले नव्हते. प्रकरणांकडे तेच जात असत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघे वाचनकक्षात शिरले. भावोजी रोजच संध्याकाळी पेपर चाळायला तिथे येत, पण आज ते अन्वेषक म्हणून आले होते. चित्र डावीकडे कललेले होते. भावोजींनी पिशवीतून पाणसळ काढली, चौकटीवर ठेवली, तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्यावर येईपर्यंत चौकट सरकवली, समाधानाने मान हलवली आणि मग अत्यंत गंभीर चेहऱ्याने मागे वळून विचारले, "याला हात कोणी लावला?"

"आत्ता तुम्हीच—" मामा म्हणाले.

"मामा, विषयाला धरून बोल."

भावोजींचा पहिला सिद्धान्त भूगर्भाचा होता. चित्र सरळ आहे, इमारत कलते आहे! त्यांनी छताच्या कडीला ओळंबा बांधला. गाठ तंत्रनिकेतनाच्या पद्धतीची असल्याने सुटली आणि ओळंबा मामांच्या अंगठ्यावर आला. इमारत हलली नसल्याचे सिद्ध झाले. मामा मात्र हलले.

दुसरा सिद्धान्त हेरगिरीचा. चित्र डावीकडे म्हणजे 'या', उजवीकडे म्हणजे 'पळा'. पण चित्र डावीकडेच कलत असे, आणि येणारे रोज तेच तेच म्हातारे पेपर वाचायला येत. तिसरा सिद्धान्त असा, की या समुद्राखाली कोण्या थोर चित्रकाराचे अमूल्य चित्र दडलेले आहे. ते पाहण्यासाठी भावोजींनी खोडरबर काढला, तेव्हा ग्रंथपालबाईंनी मोठी पट्टी काढली. तिसरा सिद्धान्त तिथेच संपला.

"आता मानसशास्त्र," दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात शिरताना भावोजी म्हणाले. "हलवणारा चित्रावर प्रेम करणारा आहे. ज्याला आवडतं, तोच हात लावतो. तेव्हा प्रत्येकाला एकच प्रश्न: हे चित्र तुम्हाला का आवडतं?"

ग्रंथपालबाई कार्डे लावता लावता म्हणाल्या, "इथे चार चित्रं आहेत. दोन फळांची. ती बघून लोकांना भूक लागते आणि पुस्तक अर्धं टाकून घरी जातात. तिसऱ्यात घोडेस्वार आहे, त्याचा घोडा माझ्याकडे संशयानं बघतो. या एकाच चित्राखाली माणसं गप्प बसतात. आणखी काय हवं मला?"

"संशयास्पद," भावोजी पुटपुटले. "कोणाकडेच कारण इतकं तयार नसतं."

समोरच्या केशकर्तनालयाचा मालक दुपारी गिऱ्हाईक नसले, की पेपर वाचायला येई. त्याने प्रश्न ऐकताच खुर्ची पुढे ओढली. "साहेब, त्या नावाड्याची मान बघा. मानेवरचे केस बघा! किती दिवसांत कापलेले नाहीत. मी रोज येतो आणि मनातल्या मनात मागून मशीन फिरवतो. एका बाजूनं झालं की वाटतं, आता वळेल, पैसे देईल. वळत नाही लेकाचा. म्हणून परत येतो."

"म्हणजे तुझे हात शिवशिवतात?"

"प्रचंड."

"मामा, लिहून घे."

अध्यक्ष मात्र चहाचा कप बशीत आपटून म्हणाले, "आवडायचं काय त्यात? साफ चुकलंय ते चित्र. मी रोज त्याच्याखाली बसतो आणि रोज मला त्रास होतो."

"मग दुसरीकडे का बसत नाही?" मामांनी हळूच विचारले.

"त्रास होतो म्हणून उठायचं? मग माझ्याशिवाय त्याच्याकडे बघणार कोण?"

काय चुकले आहे, हे भावोजींनी विचारले नाही. अध्यक्षांवर संशय घेणे शिष्टाचाराला सोडून होते. त्याऐवजी घरी जाताना त्यांनी मामांकडे मोर्चा वळवला. "आणि तुला? तू तर तासन् तास बसतोस तिथे."

मामांच्या जिभेवर सगळे आले होते. ते गिळून ते म्हणाले, "निळं आहे ना, म्हणून."

"साधा माणूस आहेस तू," भावोजी कळवळून म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी भावोजींनी सापळा लावला. रेखाचित्रांच्या साऱ्या पेन्सिली तासून त्यांनी शिशाची पूड केली होती. चित्र नेहमीप्रमाणे सरळ केल्यावर चौकटीच्या खालच्या कडेला त्यांनी ती रुमालाने, बोटे जपून, फासली. "उद्या ज्याची बोटं काळी, तो आपला माणूस. शास्त्राला चुकवता येत नाही, मामा."

मामांना झोप लागली नाही.

रविवारी सकाळी दोघे पोहोचले तेव्हा सभासद जमू लागले होते. अध्यक्ष सर्वांच्या आधी येऊन, चहा घेऊन, टेबलाच्या टोकाला विराजमान झाले होते. त्यांच्या डोक्यावर चित्र डावीकडे कललेले होते.

"आलाच होता तर!" भावोजी ओरडले आणि वर्षानुवर्षांची शिस्त त्यांच्या हातात संचारली. त्यांनी दोन्ही हातांनी चौकट धरली, सरळ केली, मागे सरून एक डोळा मिटला, नाकाचा शेंडा खाजवला आणि सभेला सामोरे गेले.

"सर्वांनी हात पुढे करावेत!"

ग्रंथपालबाईंचे हात स्वच्छ. केशकर्तनालयवाल्याचे इतके स्वच्छ, की त्यांना साबणाचा वास येत होता. मामांनी दोन्ही तळवे उपडे-सुलटे करून दाखवले.

"मी अध्यक्ष आहे," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी हात टेबलाखाली घेतले.

"तुम्हाला कोण विचारतंय, साहेब! तेव्हा निष्कर्ष असा, की गुन्हेगार बाहेरचा आहे, तो उंच आहे, तो हातमोजे घालतो आणि—"

"सापडला नाही," अध्यक्षांनी वाक्य पुरे केले. "मग ठरल्याप्रमाणे चित्र उतरवावं. शिडी आणा."

मामा उठून उभे राहिले. टेलिफोन केंद्रात दुसऱ्याला जोडून देण्याची सवय. स्वतः बोलायचे म्हटले, की पलीकडे कोणी नसायचेच. "अहो, जरा... थांबा ना," एवढेच ते म्हणाले, आणि तेही कोणाला ऐकू गेले नाही.

त्याच वेळी ताई, म्हणजे मामांची बहीण आणि भावोजींची बायको, काखेत दोन पुस्तके घेऊन दारात आल्या. पुस्तके परत करायची मुदत उलटली होती. या प्रकरणाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. मग अध्यक्षांकडे पाहिले.

"अहो, हे काय? दोघांनी मिळून कोळसा खाल्लात की काय?"

सगळ्यांच्या माना वळल्या. भावोजींच्या नाकाचा शेंडा काळाकुळकुळीत होता. अध्यक्षांच्या पांढऱ्याशुभ्र खिशावर चार बोटे उमटली होती आणि कपाच्या कानावर पाचवे.

मग दोघेही एकदम ओरडले, "मी हलवलं नाही! मी सरळ केलं!"

"सरळ?" अध्यक्ष ताडकन उठले. "तुम्ही करता होय ते रोज? मी दुपारी सगळे उठले, की नीट करून जातो, दुसऱ्या दिवशी परत तसंच! अहो, समुद्र बघा, समुद्र! उजवीकडे उतार आहे त्याला. मी जन्मभर पाणी बघितलंय. टाकीत, नळात, लोकांच्या तळघरात. उभं पाणी कधी तिरकं राहत नाही!"

"पाण्याचं काय घेऊन बसलात? चौकट बघा! चौकट वाकडी, तर भिंत वाकडी, भिंत वाकडी तर—"

"सांडेल ना पाणी!"

"कुठे सांडेल? काटकोनातून?"

सभासद आता चित्राजवळ गोळा झाले. इतकी वर्षे ज्याच्याखाली बसले, त्याकडे ते पहिल्यांदा मन लावून पाहत होते. खरेच होते. चौकट सरळ धरली, की समुद्र तिरका. समुद्र सरळ धरला, की चौकट तिरकी. कोणी म्हणाले, चित्रकाराच्या टेबलाचा पाय आखूड असेल. कोणी म्हणाले, घेतली असेल थोडी.

ताईंनी पुस्तके बाईंसमोर ठेवली. "त्यात एवढं काय? काढणारासुद्धा होडीतच बसला असेल. होडी कलली, की समुद्र तिरकाच दिसणार. हा पाठीमागून दिसतोय म्हणजे हा पुढच्या होडीत, तो मागच्या. बाई, पुस्तकांचा दंड किती झाला?"

भावोजींनी पिशवीतल्या पाणसळीकडे हात नेला. मग मागे घेतला. त्यांच्या आयुष्यातला तो दुर्मीळ भूमिती-विराम होता.

अध्यक्षांनी मात्र पद सांभाळले. "ते काहीही असो. गिलावा पडतोच आहे. ठराव मांडावा."

"मांडते की," ग्रंथपालबाईंनी इतिवृत्ताची वही उघडून लेखणी टेकवली. "फक्त कारण काय लिहू? 'अध्यक्ष महाशय रोज दुपारी चित्र हलवत असल्याने अध्यक्ष महाशयांच्या चहात गिलावा पडला, म्हणून चित्र उतरवावे.' बरोबर?"

अध्यक्षांनी खिशावरची बोटे तळहाताने झाकली. त्यामुळे ती वाढली. "ठराव मागे घेतो," ते म्हणाले. "दोन खिळे ठोका. म्हणजे हलायला नको."

"पण कसं ठोकायचं?" केशकर्तनालयवाला स्टुलावर चढून म्हणाला. संधी मिळताच त्याने अंगठ्याने नावाड्याच्या मानेवरची धूळ पुसून घेतली. "चौकटीप्रमाणे की समुद्राप्रमाणे?"

"चौकटीप्रमाणे!"

"समुद्राप्रमाणे!"

"माझ्या भावाला विचारा," ताई म्हणाल्या. "बघतो तर तोच सगळ्यात जास्त."

सगळे मामांकडे पाहू लागले. पलीकडे माणसे होती आणि ती ऐकत होती. मामा आपल्या खुर्चीत बसले. स्टुलावरचा माणूस चौकट हळूहळू फिरवू लागला.

"अजून थोडं... अजून... नको, जास्त झालं. मागे. थांबा." मामांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "इथे. आता सोडू नका."

आता चौकट सरळ नव्हती आणि समुद्रही नव्हता. अध्यक्षांनी दात खाल्ले. भावोजींच्या मानेत उसण भरल्यासारखे झाले. खिळे ठोकले गेले.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो, गुन्हेगार आपल्यातलाच आहे," भावोजी दाराकडे जाता जाता सभासदांना सांगत होते. ताईंनी त्यांना उंबरठ्यावर थांबवून, एक शब्द न बोलता, शर्टाची सगळी बटणे काढली आणि पुन्हा लावली.

वाचनकक्ष रिकामा झाला. मामा बसून राहिले. इतकी वर्षे त्यांना वाटत आले होते, की तो माणूस आपल्याकडे पाठ करून एकटा निघाला आहे, आणि आपण इथे, काठावर. आता समुद्र किंचित एका बाजूला झुकला होता, मागच्या होडीत मामा होते आणि दूरच्या खिडकीतला उजेड दोघांच्याही समोर होता.

"मामा, जरा ऐक!" दारातून हाक आली.

मामांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली, तोल सावरला, आणि वळून पाहिले नाही.