साहेबाची पाठ

"आमचं दुसरं लग्न मोडलं," असं परब एकदा नळावर म्हणाले, तेव्हा माझ्या आईच्या हातातली बादलीच निसटली. भांडुपच्या आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं की परबांची एकुलती एक बायको मालवणकडे गावी धडधाकट आहे. मोडलं होतं ते लंडनच्या एका नटाचं. पण परब त्याच्याबद्दल "आम्ही" असंच बोलत. आम्हाला नाटकात बक्षीस मिळालं. आम्ही दारू सोडली. आम्ही परत धरली.

परब गोरेगावच्या एका स्टुडिओत लाइटमन. तिथे एकदा विलायती सिनेमाचं शूटिंग झालं; हा नट त्यात कलेक्टर. दिवे जमेपर्यंत नटाच्या जागी त्याच्याच उंचीचा कोणीतरी उभा करतात, तसं परबांना केलं. महिनाभर हा माणूस कलेक्टरचा कोट चढवून घाम गाळत उभा. दिवे जमले की साहेब चहा संपवून यायचा आणि परब बाजूला व्हायचे.

"अर्धी ॲक्टिंग माझीच रे," ते मला सांगत. "तो फक्त बोलायचा."

साहेब लंडनला परत गेला, पण परब काही त्यातून बाहेर आले नाहीत. रद्दीवाल्याकडून इंग्रजी मासिकं आणायची, मला धरून बसवायचं आणि "बघ ना, आमचं काय चाललंय" म्हणायचं. मी वैतागायचो, पण वाचून दाखवायचो. साहेबाला म्हाताऱ्याची भूमिका मिळाली, त्या दिवशी परब चार घास कमीच जेवले.

शेवटच्या सीनला म्हणे साहेबाचं पोट बिघडलं होतं. त्यामुळे किनाऱ्यावरून पाठमोरा चालत बोटीकडे जाणारा कलेक्टर म्हणजे आपण, असं परब शपथेवर सांगत. चाळ हसायची. चाळीचं त्यांना काही नव्हतं. ती पाठ बायकोला दाखवायची, एवढीच त्यांची आस होती.

"तिने मला इथे कधी बघितलाच नाय," ते म्हणत. "सासू, शेती, गुरं. येणार कधी?"

आणि एका वर्षी वहिनी डोळे दाखवायला मुंबईला आल्या. परबांनी कुठून तरी त्या सिनेमाची कॅसेट पैदा केली, व्हीसीआर भाड्याने आणला आणि रविवारी दुपारी सगळी चाळ त्यांच्या खोलीत कोंबली. स्वतः टीव्हीला नाक लावून बसले.

शेवटचा सीन आला. कोट घातलेली एक पाठ वाळूतून लांब गेली. संपलं.

"पाठ काय, कोणाची पण असेल!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे फिसकन हसले. परबांची मान खाली गेली. मला फार वाईट वाटलं.

वहिनी मात्र अजून टीव्हीकडेच बघत होत्या.

"हेच ते," त्या म्हणाल्या. "गणपती झाले काय एष्टी धरूक जातत, तेवा दरवर्सा माका हीच पाठ दिसता."

कोणी हसलं नाही. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मग हळूच म्हणाल्या, "एकदा तरी वळान बघूचा होता."

परबांनी उठून टीव्ही बंद केला. आमच्याकडे पाठ करूनच ते म्हणाले, "मी वळान बघितला असता, तर पाय निघालो नसतो गो."