शंकरअण्णांची रिकामी चौकट

शंकरअण्णांना एखादा लेख आवडला असं सांगितलं की ते खट्टू व्हायचे.

"समदा पटला? एकबी हरकत नाय? मग कुठंतरी चुकलं असंल माझं."

अण्णा मूळचे दिंडोरीकडचे. पंचवटीत पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं पायाने चालवायचं छपाईयंत्र होतं. पाक्षिकाचं नावही 'हरकत'. स्वतःच लिहायचं, अक्षरांचे खिळे जुळवायचे, छापायचं आणि लूनावरून वाटायचं. पण छापण्याआधी प्रूफ घेऊन ते विरोधी मताच्या माणसाकडे जात. पंचवीस वर्षं तो माणूस मी होतो. मी एका पक्षाचा वॉर्डातला कार्यकर्ता, आणि अण्णांना आमचा पक्ष मुळीच आवडत नसे.

"बापूसाहेब, कुठं पटत नाय ते सांगा," म्हणत ते माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसत. मी भांडायचो. माझं म्हणणं ते पहिल्या पानावर चौकटीत छापायचे, एकही शब्द न कापता. आमची ही म्हणायची, "याच्यापेक्षा तुम्ही दोघं पत्ते खेळा."

नव्वदच्या दशकातल्या एका महापालिका निवडणुकीत आमच्या उमेदवाराने केलेल्या कामांची यादी वाटली. अण्णा ती घेऊन वॉर्डभर पायी फिरले आणि थेट माझ्याकडे आले. पेन विसरले होते. माझंच घेतलं.

"वाचनालयाच्या जागेवर म्हैस बांधलीय, बापूसाहेब."

"वाचनालय मंजूर आहे!"

त्यांनी तिथेच बसून लेख लिहिला. त्यातलं एक वाक्य : 'वाचनालय मंजूर आहे, असे आमचे मित्र म्हणतात. म्हैस मात्र हजर आहे.'

अंक निघाला आणि गावभर म्हशीची चर्चा झाली. उमेदवार माझ्यावर उखडला. त्याच संध्याकाळच्या चौकसभेत मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, "हा लेख विरोधी उमेदवाराच्या बंगल्यावर बसून लिहिलाय!" टाळ्या पडल्या. उमेदवाराने पाठ थोपटली.

पुढच्या 'हरकत'मध्ये माझा आरोप पहिल्या पानावर होता, माझ्या नावासह, जसाच्या तसा. अण्णांचं उत्तर एका ओळीचंही नव्हतं. खाली एक रिकामी चौकट : 'बापूसाहेबांच्या पुढील मजकुरासाठी जागा राखून ठेवली आहे.'

मी त्यांना दार उघडणं बंद केलं. ते अंक दाराखालून सरकवून जात. प्रत्येक अंकात ती चौकट रिकामीच. लोक म्हणत, अण्णांकडचा मजकूर संपला. मीही हसायचो. माझा आरोप मात्र लोकांना खरा वाटला. एकेका घराने 'हरकत' घेणं सोडलं. लेख कुठे लिहिला, हे अण्णांनी कोणालाही सांगितलं नाही.

असं नऊ वर्षं चाललं. मग अण्णांची दृष्टी गेल्याचं कानावर आलं आणि मी शेडवर गेलो. ते बोटांनी चाचपून खिळे जुळवत होते.

"कोन?"

"मी बापू. अण्णा, नऊ वर्षं टोमणा मारलात मला."

"टोमना?" ते खरंच चकित झाले. "आवो, बाकीचे वाचत नायत, न्हायतर माना डोलवत्यात. भांडायला तुमीच तेवढे होता. आज ना उद्या लिवाल म्हनून जागा धरली."

त्यांनी चाचपडत कागद पुढे केला. "लिवा. अंक थांबवतो."

मला लिहिता आलं नाही. म्हणालो, "पुढच्या अंकाला नक्की देतो."

"हरकत नाय," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढचा अंक निघाला नाही. महिन्याभरात अण्णा गेले.

तेव्हा लिहायचं होतं ते आता लिहितो. तो लेख माझ्या घरी, माझ्या टेबलावर, माझ्या पेनाने लिहिला गेला. मी समोर बसून वाचनालयासाठी भांडत होतो. बंगल्याची गोष्ट मी रचली. म्हैसही तिथे होती. सभेला जाताना मी तिला पाहिलं होतं.

अण्णा, कुठे पटत नाही ते सांगा.